मारुतीच्या कमरेला पाणी

सकाळी सहा ते सव्वासात मला मूठ वळता येत नाही. रात्रभर कुणी खळीत बुडवून वाळत घातल्यासारखी बोटं ताठ झालेली असतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायला कात्री धरवत नाही, म्हणून तो दातांनी तोडते (हे वाचून सून रागावणार आहे). नळ तळहाताच्या कडेनं उघडते. मग एकेक बोट जागं होत जातं, आधी करंगळी, सगळ्यांत शेवटी मधलं, आणि आठच्या सुमाराला मी माणसांत येते.

सहा वर्षांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा वाटलं, खडू धरून धरून झालं असेल. नाशिकरोडच्या एका शाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. पण खडू उजव्या हातातला आणि दुखणं दोन्ही हातांचं. तीच बोटं, तीच पेरं, आरशात बघितल्यासारखी. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "आमवात आहे, बाई. तुमची रोगप्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उलटली आहे." मला हसू आलं. बाईंना कळलेलं दिसत नाही, असं त्यांना वाटलं असणार. ते पुन्हा सावकाश सांगायला लागले. मला मात्र शेवटच्या बाकावरचा एक मुलगा आठवला होता.

हा धडा मी दरवर्षी एकाच पद्धतीनं शिकवायचे. फळ्यावर किल्ला काढायचा. तट म्हणजे त्वचा. खंदक म्हणजे नाकातला शेंबूड, डोळ्यांतलं पाणी, जठरातलं आम्ल. आत पांढऱ्या पेशी म्हणजे मावळे. देवळालीला तोफांचा सराव चाललेला असला की आमच्या वर्गाच्या काचा थरथरायच्या, आणि मी नेमका तो मुहूर्त साधून म्हणायचे, "ऐका, तुमच्या अंगात आत्ता असंच चाललंय." मुलं खूश. एका वर्षी तो मुलगा उभा राहिला. "बाई, त्यांना गणवेश असतो का? म्हणजे आपला कोण नि बाहेरचा कोण, हे मावळ्यांना कळतं कसं?" तास संपायला चार मिनिटं होती. "ते तुम्हाला अकरावीत आहे," असं म्हणून मी त्याला बसवलं. अकरावीत ते नव्हतं. त्यालाही ते माहीत असावं, कारण तो बसला तो माझ्याकडे न बघता.

खरं तर माझ्या किल्ल्याला आधार चांगला होता. १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावात राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेलेली, हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाची अळी काचेसारखी आरपार दिसते. त्याच्या मनात आलं, हिच्या अंगात काटा खुपसला तर? बागेतला काटा आणून खुपसला आणि रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. या पेशी परकं काही दिसलं की गिळतात, हे त्यानं मांडलं आणि १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. काटा, गराडा, गिळणं. यातून सैनिक सुचणारच. पण ते नोबेल अर्धं होतं. उरलेलं अर्धं पॉल एर्लिखला मिळालं, आणि शरीर स्वतःवरच का उलटत नाही हा प्रश्न त्याला फार आधीपासून छळत होता. असं घडणं इतकं भयंकर असेल की निसर्ग ते होऊच देणार नाही, असा त्याचा कल होता. मी रोज सकाळी सव्वा तास त्याला खोटं ठरवते.

आपला शब्दही थोडा फसवा आहे. रोगप्रतिकारशक्ती. शक्ती म्हटलं की ती वाढवावीशी वाटते, दंडाच्या बेटकुळीसारखी. 'इम्युनिटी' या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथं त्याचा अर्थ करातून, सरकारी कामातून मिळालेली माफी. एकदा भरलंय, आता पुन्हा मागू नका. हा अर्थ मला जास्त पटतो, त्याचं कारण माझी आजी.

आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. गालांवर, कपाळावर, अगदी कानाच्या पाळीवरसुद्धा. सात वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. ती वाचली, तिची पाठची बहीण गेली. जुन्या नाशकात आमच्या वाड्यात आणि आजूबाजूच्या दोन-तीन वाड्यांत कुणाच्या पोराला देवी निघाल्या की आजीला बोलावणं यायचं. घरातले इतर लोक उंबऱ्याबाहेर, आजी आत. कडुनिंबाचा डहाळा घेऊन ती पोराच्या उशाशी रात्र रात्र बसायची. "मला काय होतंय? माझं देणं देऊन झालंय," असं म्हणायची. लॅटिन तिच्या बापजन्मात कुणी ऐकलं नव्हतं.

उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षं तिथं गोवर फिरकला नाही. १८४६ मध्ये तो पुन्हा बोटीतून उतरला आणि बघता बघता बहुतेक बेट आजारी पडलं. पाहणीसाठी गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरच्या एक गोष्ट ध्यानात आली. १७८१ची साथ ज्यांनी लहानपणी भोगली होती त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही गोवर झाला नाही. त्यांच्याच वयाच्या, पण तेव्हा गोवर न झालेल्या लोकांना मात्र झाला. पासष्ट वर्षं! माणसाला सोयऱ्यांची लग्नं आठवत नाहीत इतक्या वर्षांनी, आणि अस्थिमज्जेत बसलेल्या काही पेशी तेवढी वर्षं एकाच विषाणूवरची प्रतिपिंडं, म्हणजे त्याला ओळखून चिकटणारी प्रथिनं, गळत राहतात.

माझ्या डाव्या दंडावर दोन वण आहेत. एक बीसीजीचा, एक देवी काढल्याचा. माझ्या लहानपणी नाशकातल्या भिंतींवर, पुलांच्या कठड्यांवर, एसटी स्टँडवर गेरूनं रंगवलेलं असायचं, 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा'. मी ते जोडाक्षरं वाचायला शिकले तेव्हापासून वाचत आले. हजार रुपये म्हणजे त्या काळात घबाड. मी आणि माझा आतेभाऊ, आम्ही पंचवटीत एक सबंध सुट्टी रोगी शोधत हिंडलो. एकदा कांजिण्या आलेलं एक पोर सापडलं, तर त्याच्या आईनं आम्हाला हाकलून दिलं. रोगी मिळणार नव्हताच. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा इथला असा रोगी सापडला नाही, आणि १९८० मध्ये सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. हजार रुपये बुडाल्याचं दुःख आम्हाला बरेच दिवस होतं. आजीला ही बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "गेली का? जाऊ दे बाई. सुखानं जाऊ दे." तिनं हात जोडले. शत्रू मेल्यासारखं तिला वाटलं नाही. घरी आलेली कडक बाई अखेर उठून गेली, असं काहीतरी.

तर या अंगातल्या आठवणीला किल्ला चालत नाही. तिला बाजार लागतो.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो, आणि गंगेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती आला हे नाशिककर क्युसेकमध्ये मोजत नाहीत. मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. आतेभावाचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. १९६९च्या महापुरात वडिलांनी सगळा माल गमावला. पाणी पहाटे आलं, आणि येतंय हे कळल्यावर नेमकं काय करायचं हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर त्यांनी दुकानाच्या भिंतीवर पाण्याची रेघ खिळ्यानं कोरून ठेवली. २०१६ मध्ये, २०१९ मध्ये पाणी आलं तेव्हा आतेभावानं ती रेघ बघितली नाही, त्याची गरज नव्हती. कमरेला लागल्याचा निरोप आला की कुठला हमाल बोलवायचा, कुठली भांडी आधी उचलायची, कुणाच्या माडीवर ठेवायची, सगळं पाठ. पहिल्या पुराला जे दोन दिवसांत जमलं नाही ते दोन तासांत उरकतं. शरीराचंही गणित साधारण असंच आहे. नवा जंतू आला की नेमकी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात, आणि त्या दिवसांत आपण अंथरुणाला खिळतो. तोच पुन्हा आला तर दोन-तीन दिवसांत काम तमाम, बहुतेक वेळा आपल्याला पत्ताही लागत नाही. लस म्हणजे पूर न येऊ देता भिंतीवर कोरलेली रेघ.

ही रेघ पुसलीही जाते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. गोवराचा विषाणू नेमक्या या आठवणीच्या पेशींमध्येच घर करतो. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी लस न घेतलेल्या मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं, तर इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गायब झालेली. पोर गोवरातून उठतं आणि आधी भोगलेल्या सर्दीतापांचं खातं बरंचसं कोरं झालेलं असतं. २०२२च्या हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यात, मालेगावात, गोवर उसळला तेव्हा मला हे आकडे झोपू देत नव्हते. 'गोवर काय, सगळ्यांनाच येतो' असं म्हणणाऱ्या एका शेजारणीशी मी त्या दिवसांत चक्क भांडले. नवव्या महिन्यात एक डोस, दीड वर्षाच्या आसपास दुसरा. दोन टोचण्यांची तर गोष्ट.

प्रत्यक्ष हा बाजार भरतो कसा, याची माझी पहिली आठवण विज्ञानाच्या पुस्तकातली नाही. आजोळ निफाडकडचं. उन्हाळ्यात अनवाणी भटकताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर सुई तापवून काढणार. दुसऱ्या दिवशी टाच लाल, गरम, ठणकती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चालताना जांघेत काहीतरी टोचायला लागलं. आजीनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "अवधाण आलंय. पाय दाखव." जांघेत गाठ, आणि ती पाय बघायला मागते, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. अवधान म्हणजे लक्ष. एका अक्षराचा काय तो फरक.

टाचेत काय झालं होतं? काट्याबरोबर माती, मातीबरोबर जिवाणू आत गेले. तिथं कायम वस्तीला असलेल्या भक्षक पेशींनी हाकाटी केली. त्या हाकाटीनं आसपासच्या रक्तवाहिन्या सैल झाल्या, पाझरल्या. म्हणून सूज, लाली, ऊब. मग रक्तातून पांढऱ्या पेशींची पहिली लाट, न्यूट्रोफिल. शरीर या पेशी रोज सुमारे दहा हजार कोटी बनवतं, आणि त्या गिळतात, मरतात, त्यांच्या मढ्यांचा पू होतो. पू म्हणजे घाण, असं मी लहानपणी समजायचे. इथवर माझे मावळे ठीकठाक चालतात.

पण त्याच गर्दीत फांद्याफांद्यांची एक पेशी असते, डेन्ड्रायटिक. ती लढत नाही. ती जंतूचा तुकडा उचलते, अंगावर मिरवते, आणि लसिका नावाच्या पातळ द्रवाच्या वाटेनं हळूहळू जांघेतल्या गाठीपर्यंत चालत जाते. ती गाठ म्हणजे गंगेवरचा बुधवारचा बाजार. तुकडा घेऊन ही पेशी बसून राहते आणि टी पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच एका जातीची, रांगच्या रांग तिच्यासमोरून जाते. प्रत्येक टी पेशीला एकच आकार ओळखता येतो, जन्मापासून ठरलेला. हात लावून बघते, नाही, पुढं. नाही, पुढं. लाखांत एखादी थबकते. ती थबकली की मग वाढायला लागते, एकीच्या दोन, दोनीच्या चार, आणि बाजार फुगतो. माझ्या जांघेत टोचत होती ती ही गर्दी.

शेजारीच बी पेशींचं वेगळंच काम चालू असतं. त्या प्रतिपिंडं बनवतात, आणि त्यांची युक्ती सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञानं उलगडली, १९८७चं नोबेल त्यासाठीचंच. जनुकांचे मोजके तुकडे पत्त्यांसारखे पिसून कोट्यवधी आकार. एवढ्यावर भागत नाही. जुळलेल्या आकाराच्या नकला काढायच्या, प्रत्येक नकलेत थोडी चूक करू द्यायची, आणि जी चूक जंतूला आणखी घट्ट धरेल ती ठेवून बाकीच्या मरू द्यायच्या. चुकांतून शिकणं हे मी मुलांना आयुष्यभर सांगत आले. इतकं निर्दय रूप मात्र माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं.

आता त्या मुलाचा प्रश्न. आकार जर असे आंधळेपणानं पिसून तयार होत असतील, तर त्यात आपल्याच यकृताला, आपल्याच सांध्याला धरणारे आकारही येणारच. मग?

मग शाळा. छातीच्या मधल्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशीतला टी तिचाच. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर सुकत जाते, माझ्या वयाला तिथं बहुतेक चरबीच उरते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवून देईपर्यंत ही ग्रंथी म्हणजे उगाच राहून गेलेला अवयव असा समज होता. अस्थिमज्जेतून निघालेल्या कोवळ्या पेशी इथं येतात आणि त्यांची परीक्षा होते. पहिला पेपर: शरीर आपल्या पेशींच्या अंगावर जे दाखवतं ते तुला निदान चाचपता येतं का? नाही आलं, तर मर. दुसरा पेपर अवघड. या शाळेत सबंध शरीराचे नमुने मांडून ठेवलेले असतात. इन्सुलिन खरं तर स्वादुपिंडात तयार व्हायचं, पण थायमसमधल्या पेशी तेही थोडं बनवून दाखवतात, निव्वळ परीक्षेसाठी. यातल्या कशालाही तू घट्ट धरलंस, तर मर. शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त पेशी या शाळेतून जिवंत बाहेर पडत नाहीत. आमच्या शाळेचा निकाल एका वर्षी बासष्ट टक्के लागला होता तर संस्थेनं आम्हा शिक्षकांना उन्हाळाभर बोलावलं होतं.

शिकवायला होते तोवर मला एवढंच ठाऊक होतं, आणि एवढं जरी त्या मुलाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण यात भोक आहे. शाळा कितीही कडक असली तरी काही वांड पेशी उत्तीर्ण होतातच. तुमच्याही अंगात त्या आहेत, आत्ता. तरी तुम्ही सकाळी मूठ वळवता. हे कसं, ते शिमोन साकागुची यांनी वर्षानुवर्षं खोदून काढलं. उंदराच्या पिल्लाचं थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढलं तर त्याची प्रतिकारशक्ती नुसती लंगडी व्हायला हवी. होतं उलटंच, ती पिसाळते आणि त्याचेच अवयव पोखरते. म्हणजे तिथून उशिरा निघणारं कुणीतरी होतं, जे बाकीच्यांना आवरत होतं. या आवरणाऱ्या टी पेशी. मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागचं जनुक शोधलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिघांना नोबेल जाहीर झालं तेव्हा सकाळच्या बोटांनी नीट धरवत नसलेला पेपर मी टेबलावर पसरून वाचला. आमच्या गल्लीत भांडण लागलं की ओट्यावरची एक म्हातारी हातातली सुपारी न थांबवता म्हणायची, "पुरे." तेवढ्यावर माणसं आपापल्या दारात शिरायची. माझ्या बोटांच्या पेरांत ओट्यावर आज कुणी नाही, किंवा तिचं कुणी ऐकत नाही.

आणि परका तरी कुणाला म्हणायचं? धाकट्या भावाची निफाडला द्राक्षबाग आहे. नवी बाग लावताना आधी डॉगरिजचे खुंट लावतात. ही जंगली जात, खारं पाणी नि पाण्याचा ताण सोसणारी. मग पावसाळ्याच्या शेवटाला कलम भरणारी माणसं येतात, खुंट छाटतात, मधोमध चीर देतात, थॉमसनची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून बसवतात आणि पट्टीनं आवळतात. सालीखालची हिरवी रेघ रेघेला जुळली की तीन-चार आठवड्यांत डोळा फुटतो. खाली एक जात, वर दुसरी, आणि वेल पंधरा वर्षं निमूट घड देते. वेलीला प्रतिकार नाही असं नाही. भुरी, डाऊनी असले रोग आले, की प्रत्येक पेशी आपापल्या जागी झुंजते. पण तिच्या अंगात फिरत्या पेशी नाहीत, थायमस नाही, थबकून चेहरा निरखणारं कुणी नाही.

माणसाचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांवर दुसऱ्याची कातडी लावली की काही दिवसांत ती गळून पडायची, आणि त्याच माणसाची पुन्हा लावली तर आणखी लवकर. पीटर मेदावर यांनी यातून ताडलं की हा नुसता बिघाड नाही, ही ओळख आहे. पुढं त्यांना नोबेल मिळालं ते उंदरांच्या पिल्लांत परकी कातडी टिकवून दाखवल्याबद्दल. पण त्यातली किल्ली गोठ्यातून आली होती. १९४५ मध्ये रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचं रक्त तपासलं. सारखी नसलेली जुळी, तरी प्रत्येकाच्या अंगात भावंडाच्या रक्तपेशी सुखानं नांदत होत्या, कारण गाईच्या पोटातच दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या होत्या. फार लवकर भेटलेला परका, परका उरत नाही. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, आपल्यात दत्तक घेतात ते म्हणून तर लहानपणीच."

माझ्या आजाराचं एक मला फार लागलं. आमवातात आपल्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं पहिलं बोट दुखायच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात दिसू शकतात. म्हणजे मी फळ्यावर किल्ला काढत होते तेव्हाच आत कुठंतरी माझ्या नावाची कुजबुज सुरू झाली असेल. बायकांना हे पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतं. का, यावर डॉक्टरांशी मी बरंच बोलले आहे, नवऱ्याशी त्याहून जास्त.

दर रविवारी रात्री मी मेथोट्रेक्सेटची गोळी घेते. आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी पाकिटावर लाल पेनानं 'रविवार' लिहून दिलंय, कारण ही चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मूळचं हे कर्करोगाचं औषध, आणि ते तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूच्या मागं भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. गोळीचं काम म्हणजे माझ्या मावळ्यांना जरा आळशी करणं. सोमवारी मळमळतं. त्या दिवशी घरात खिचडी.

म्हणूनच कुणी मला 'इम्युनिटी वाढवणारा' काढा दिला की माझी पंचाईत होते. करोनात आमच्या सोसायटीत गुळवेलीचा वेल कुंपणावर राहिला नाही, लोकांनी मुळासकट ओरबाडला. मला तीन घरांतून काढ्याचे थर्मास आले. प्रेमानं आले, म्हणून परत करवेनात. कढीपत्त्याच्या झाडाला घातले. अहो, माझी आधीच नको तितकी वाढलेली आहे! आणि त्याच साथीत हजारो माणसं विषाणूनं कमी, स्वतःच्या भडकलेल्या प्रतिकारानं जास्त पोळली. २०२० च्या जूनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटवणारं पहिलं औषध सापडलं ते डेक्सामेथासोन, जुनं, स्वस्त स्टेरॉइड. ते विषाणूला हातही लावत नाही. ते फक्त आतल्यांना शांत करतं.

गेल्या ऑगस्टातली गोष्ट. धरणातून पाणी सोडलं होतं, दोन दिवस झड लागलेली. दुपारी मी आतेभावाच्या दुकानात होते, एक पातेलं कल्हईला टाकायचं होतं. त्याचा मोबाइल वाजला. मारुतीच्या कमरेला. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि गल्ली हलली. हंडे, घागरी, समया, ताम्हनं, सगळं माडीवर. मला त्यानं स्टुलावर बसवून यादी धरायला दिली. चार वाजता दुकान रिकामं, भिंतीवर फक्त खिळ्याची रेघ. आम्ही पायरीवर बसून वाट बघितली. पाच वाजता कमरेलाच. सहा वाजता कमरेलाच. साडेसातला समोरच्या सराफाचा पोरगा पुलावरून सांगत आला, गुडघा दिसायला लागला.

"रिकामीच धावपळ झाली," मी म्हटलं.

"होते की," तो म्हणाला. "चढवणं सोपं गं. हे परत लावायचं म्हणजे डोकं लागतं. आमच्या बाबांना ते जमायचं नाही. एकोणसत्तरनंतर त्यांनी निम्मा माल कायम माडीवरच ठेवला. गिऱ्हाईक विचारायचं, तर वर कोण जाणार? धंदा त्यानं बसला, पुरानं नाही."

मग त्यानं माडीवरून वाट्यांची चळत उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. मापाच्या वाट्या, एकात एक बसणाऱ्या, घाईत उलटसुलट कोंबलेल्या. संध्याकाळी माझी बोटं चांगली चालतात. मी त्या सोडवायला घेतल्या. काही लगेच निघाल्या. एक जोडी ओल्यानं घट्ट बसली होती, ती मी दोन्ही अंगठ्यांनी फिरवत राहिले.